वाकळेचं साणं

तीर्थस्वरूप नीलम्मा वन्सं यांना जळकोटाहून तुमची भावजय चन्नम्मा हिचं वाकून शरणु शरणार्थी. (वाकून म्हणजे मनातनं. गुडघा वाकू देत न्हाय, आणि तुमी समोर असता तरी पाय मागंच घेतले असते, ती गोष्ट वेगळी.) तुमची तब्येत बरी असंल. दाजींचा खोकला गेला का? गेला नसंल तर ओव्याचा शेक द्या, आणि गेला असंल तर मी मागं सांगितलेल्या काढ्यानंच गेला असं समजा. परंड्याला ऊन लई हाय म्हणतात. इथंबी काय कमी न्हाय. तुमचे बंधुराज खुशाल हायत; बाजंवर पडून राहणाऱ्याला काय हुणार? आपली शिवप्रिया पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलीय, ते तुमच्या कानावर असंलच. कसं काय विचारायला फोन आला न्हाय, पण कानावर असंल.

आता मी फोन सोडून पत्र का लिहायली, तर माझा फोन तुमी उचलत न्हाय. फोनमधली ती बाई, "आपण संपर्क करीत असलेली व्यक्ती" म्हणणारी, तिचं माझं बोलणं तुमच्यापेक्षा जास्त झालंय. तीबी आता मला वन्संच वाटायली. शिवप्रियाच्या लग्नात तुमाला आहेराला दिलेली साडी तुमीच भावकीतल्या ज्ञानोबाच्या घरभरणीला दिलेली निघाली, हे मी कुठं नाकारते? ज्ञानोबाच्या बायकोनं ती तिच्या बहिणीला दिली, बहिणीनं आमच्या इथं ओटी भरताना मला दिली, आणि म्या चांगली साडी म्हणून तुमच्यासाठी जपून ठेवली. आपण दिलेली वस्तू एवढी गावं फिरून धडधाकट परत येते, माणसाला अभिमान वाटायला पायजे. तुमी पंगतीवरनं उठलात. पुढं बाळाच्या वाकळेसाठी जुनेर मागितलं, तर तुमी उत्कर्षच्या हातनं कोरी करकरीत साडी धाडली, दुकानाचा कागद चिकटलेला तसाच. टोमणा पोचला बरं का. कपाटात घडी घालून ठेवलाय.

ते राहू द्या. मी भांडायला बसले न्हाय. मी तुमच्या लेकाची तक्रार करायला बसले.

तुमचा उत्कर्ष पुण्याला घरं बांधायचं शिकला. एवढं शिकून एकबी घर बांधलं न्हाय, लोकांनी बांधून ठेवलेली जुनी घरं दाखवत फिरायचा धंदा काढला. माणसं गाडीत घालायची, किल्ले दाखवायचे, जुनी लुगडी दाखवायची, चुलीवरचं खाऊ घालायचं. ह्याला वारसा सहल म्हणतात म्हणं. (आमची तर रोजच वारसा सहल चालू हाय, हौदापासनं चुलीपर्यंत, पण आमाला कुणी गाडी धाडत न्हाय.) त्याचा फोन आला, मामी, लोक घेऊन यायलोय, तुमी वाकळ शिवायलाच बसलाय तर तेवढं बघू द्या. म्या म्हणलं, बघून काय करणार? म्हणला, खूश हुणार. म्या म्हणलं, मग त्यांच्या घरी कुणी काय शिवत न्हाय का? तर म्हणला, मामी, तुमाला कळायचं न्हाय. हे मातर त्यानं तुमच्यावाणीच म्हणलं, अगदी मान तशीच वाकडी करून. फोनवर मान दिसत न्हाय, पण मला दिसली.

आली गाडी. आल्या आल्या मला म्हणले, आधी नळदुर्गचा किल्ला बघायचा, तुमीबी चला, तुमी स्थानिक जाणकार. माझा किल्ल्याशी संबंध एवढाच की चौथीत असताना शाळेनं नेलं होतं आणि तिथं माझी एक चप्पल हरवली. (पाचवीला मी गेलेच न्हाय, त्यामुळं शाळेचं शेवटचं असं तेवढंच ध्यानात हाय.) तरी गेले. गाडीत थंडगार वारं होतं, म्हणलं घ्यावं. त्यातल्या दोन जणांची नावं सांगते, बाकीचे नुसते फोटो काढत होते. एक इरा मॅडम. ह्यांना कापडाचं वेड. अंगावर हातमागाची साडी, पायात पळायला जाणाऱ्या पोरांचे बूट, आणि दिसंल त्या बाईचा पदर धरून विचारणार, हे कुठलं विणकाम? नळदुर्गच्या बस थांब्यावर एका म्हातारीचा पदर धरला, तर ती बिचारी कंबरेची पिशवी आवळून ओरडायला लागली. दुसरे कैवल्य सर. ह्यांना घरांचं वेड. खिशात मोजायची टेप, आणि भिंत दिसली की टिचकी मारून कलिंगड बघतात तशी वाजवून बघणार.

किल्ल्यात पाणी महाल हाय, तुमाला ठाऊकच. धरण भरलं की वरनं पाणी पडतं, आत बसून बघायचं. आता ऐन उन्हाळ्यात तिथं पाण्याचा थेंब न्हाय. हे सगळे त्या कोरड्या भिंतीपुढं हात जोडून उभे राहिले आणि वा वा म्हणायला लागले. म्या म्हणलं, पाणी न्हाय तरी वा? तर कैवल्य सर म्हणले, "ताई, पाणी नसतानाच तर त्याची रचना दिसते." खरं असंल. आमच्या नळाला हप्त्यातनं एकदा पाणी येतं, म्हणून तर आमच्या नळाची रचना सगळ्या गल्लीला तोंडपाठ हाय. मग मला विचारलं, ह्या चिऱ्यांमधी चुना काय घालून मळला असंल? म्या म्हणलं, मला विचारू नका, मी तवा नव्हते. ते हसले आणि ते बोलणंबी लिहून घेतलं. काय बोलावं आणि काय न्हाय, ह्याची धास्तीच बसली. पुढं काय झालं ते बघता, धास्ती धरून गप्पच बसले असते तर बरं झालं असतं.

घरी आणलं. आपलं घर कसं हाय ते तुमी इथंच जन्मल्यामुळं सांगायला नको. पुढं स्लॅब, मागं सैपाकघरावर अजून तुमच्या बापाच्या हातचं मातीचं माळवद. पुढची फरशी, रंग, तुमच्या भावानं हौसेनं लावलेलं ते प्लास्टिकचं झुंबर, ह्याच्याकडं कुणी ढुंकूनबी बघितलं न्हाय. सगळे सरळ मागं सैपाकघरात. मी झाडलं नव्हतं तिथं! इरा मॅडम आल्या त्या थेट चुलीपाशी, आणि तवा उतरायचं फडकं उचलून त्यांनी जी किंकाळी फोडली, शिवप्रिया आतनं पोट धरून धावत आली. मला वाटलं विंचू निघाला. तर बाई फडक्याचा काठ बघून रडायलेल्या. म्हणल्या, "हे इरकल आहे! अस्सल जुना काठ आहे हा! आणि तुम्ही यानं तवा धरता?" म्या म्हणलं, मग काय हातानं धरू? त्यांनी ते काजळी लागलेलं फडकं गालाला लावलं. गोरा गाल, काळा झाला. म्या म्हणलं घेऊन जा बाई, पण रडू नका, घरात गरवार पोरगी हाय. तर त्यांनी पिशवीतनं पांढरा कागद काढला आणि त्यात ते फडकं गुंडाळलं, आपण साखरेची माळ गुंडाळतो तसं. त्या दिवसापासनं तव्याला मी तुमच्या भावाची जुनी बंडी वापरायली. ती न्यायलाबी कुणीतरी येईल, वाट बघायली.

हे चालू असताना कैवल्य सर माळवदावर चढलेले. म्या सांगितलं होतं, साण्याच्या बाजूला जाऊ नका, माती दबलीय. (साणं म्हणजे माळवदाला ठेवलेलं भोक, त्यातनं उजेड आत आणि धूर बाहेर, एवढं तर सगळ्यांना ठाऊक असतं असं मला वाटायचं.) पण शिकलेल्या माणसाला जाऊ नको म्हणलं की तिथंच बघण्यासारखं काहीतरी हाय असं वाटतं. ते साण्यापाशी पालथे पडले आणि तोंड आत घातलं. त्याच घडीला म्या खाली तेलात सुक्या मिरच्या टाकल्या. मला काय ठाऊक? धूर आपल्या वाटेनं गेला. वरनं जे शिंकणं सुरू झालं, माळवदाची माती आमटीत पडायला लागली, आणि मागनं टेपबी पडली, सरळ पातेल्यात. तुमचा लेक धावत आला, मामी, सरांना लागलं का? म्या म्हणलं, सरांचं वरनं बघ, इथं त्यांनी आमटीची खोली मोजलीय. दुसरी आमटी करावी लागली. तीबी सगळ्यांनी बोटं चाटून खाल्ली आणि चुलीची चव वेगळीच म्हणले. आमच्या घरात ही चव रोज असते, पण तुमच्या भावानं एवढ्या वर्सांत कधी बोट चाटलं न्हाय.

जेवणं झाल्यावर वाकळ. पुढच्या खोलीत पसरली, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले, मी आणि शेजारच्या ईरण्णाची बायको सुई घेऊन बसलो. हे सगळे भोवतीनं. म्या मग आपली रीत सांगितली, जेवढी सांगायची तेवढी. पहिलटकरणीच्या बाळाची वाकळ म्हणजे घरोघर जाऊन जुनेर मागायचं, अंगावर घालून घालून मऊ झालेलं. नवं चालत न्हाय, नव्यात माणूस नसतो. कडेनं सासरचे, त्याच्या आत आईकडचे, काका, मामा, आजा, सगळ्यांचं एकेक कापड. बाळ त्याच्यावर निजलं की सगळ्या गणगोताच्या मांडीवर निजलं. हे सांगताना इरा मॅडमचे डोळे परत भरून आले. (बाईंचं हे लई हाय. घरी ह्यांना कुणी बोलत न्हाय काय कुणास ठाऊक.) आणि मग त्यांनी अंगावरची ओढणीवाणी घेतलेली शाल काढली, हातमागाची, लई मऊ, लई भारी, आणि म्हणल्या, "मध्ये जागा रिकामी दिसतेय, तिथं माझं हे लावा ना. मला पण बाळाच्या गोतात घ्या."

तर वन्सं, मधी जागा रिकामी हाय. मधी कुणाचं जुनेर लागतं ही तुमच्याच अव्वानं, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, घालून दिलेली रीत हाय, माझ्या माहेरची न्हाय. ह्या घरच्या आत्याचं, म्हणजे आता तुमचं. उत्कर्ष झाला तवा मधी तुमच्या आत्याचं होतं, शिवप्रिया झाली तवा तुमचं, ते तुमाला मी सांगायला नको. शिवप्रियाच्या वेळी तर तुमी नेसायचं चांगलं लुगडं फाडून दिलं होतं, आणि दाजी दोन दिवस बोलले नव्हते.

मॅडमनी शाल अंथरलीबी. ईरण्णाच्या बायकोनं सुईत दोरा ओवलाबी. तिला काय, जागा भरली की झालं. म्या शाल उचलून मॅडमच्या हातात दिली, जरा जोरातच दिली, म्हणलं, तिथं न्हाय. तिथं कुणाचंच लावायचं न्हाय. मॅडमचं तोंड उतरलं. कुणीतरी मागनं विचारलं, का? आता घरचं भांडण पुण्याच्या लोकांपुढं उघडायचं का, की आमच्या वन्सं एका साडीवरनं रुसल्यात आणि पोरीच्या बाळाला जुनेर देत न्हायत? तुमची इज्जत गेली असती. (माझीबी थोडी गेली असती.) मला दुसरं काय सुचलं न्हाय. म्या म्हणलं, ते भोक मुद्दाम ठेवलंय. हवा जायला.

बस्स. कैवल्य सर उभेच राहिले. नाक अजून लाल होतं. म्हणले, "साणं! घराला जसं साणं, तसं वाकळेला साणं! एकच विचार! घर आणि वस्त्र एकाच विचारातून घडलंय!" तसेच धावत सैपाकघरात गेले, शिंकत शिंकत साणं मोजून आले, मग वाकळेचं भोक मोजलं, आणि म्हणले, जवळजवळ सारखंच! आमचा तवाबी तेवढाच हाय, पण मी गप्प बसले. सगळ्यांनी वह्या काढल्या. फोटो काढले. एकीनं त्या भोकातनं हात घालून हवा लागते का बघितलं आणि लागते म्हणली. ईरण्णाची बायको माझ्याकडं बघायली, ही काय बोलायली म्हणून. म्या तिच्या मांडीला चिमटा काढला. तुमचा लेक तेवढा खाली मान घालून पायाच्या नखाकडं बघत होता. त्याला खरं ठाऊक होतं. पण बोलला न्हाय. मामीला उघडं पाडलं न्हाय, का आईला, ते तुमीच विचारा.

गाडी गेली, पण पीडा गेली न्हाय. त्यांनी ते सगळं फोनवर घातलं. आता पुण्याच्या बायका वाकळंला भोकं पाडून शिवायल्यात म्हणं. एकीनं मला फोन केला, ताई, साणं नेमकं मधी पायजे का जरा पूर्वेला सरकलेलं? म्या म्हणलं, बाळाला विचारा. तीबी वा म्हणली. दुसरी म्हणली, आमच्या बाळाला पाठीला गार लागतंय. म्या म्हणलं, साणं हाय ते, गार लागणारच, वरनं दुसरी वाकळ घाला. आणि सगळ्यात कहर, ईरण्णाच्या सुनंनं ते फोनवर बघून तिची पुरी झालेली, चांगली सात पदरी वाकळ मधनं कात्रीनं कापली, पुण्याचे लोक म्हणतात म्हणून! सासू सुईदोरा घेऊन माझ्या दारात भांडायला. तिला ठाऊक होतं मी खोटं बोलले ते, पण सुनेला सांगितलं तर कसं, तिचा फोनवर विश्वास हाय, सासूवर न्हाय. तुमचा लेक आज परत आलाय आणि म्हणायलाय, मामी, पुढच्या गाडीला लोक खास साण्याची वाकळ बघायलाच येणार हायत. म्हणजे बघा, मी आता ते भोक भरूबी शकत न्हाय. माझ्या घरात माझीच वाकळ आता सगळ्या मराठवाड्याची रीत झाली.

असा तुमच्या लेकाचा पराक्रम. त्याला चार गोष्टी सुनवा. आणि एवढं शिकवलं तर जरा कुणाचं नवं घर बांधायला सांगा. घरातल्या दाजींपासनं म्हशीपर्यंत सगळ्यांना ज्याचा त्याचा मान द्यावा. माझ्या अक्षराला हसू नये. हसलात तरी चालंल, तेवढंच माझ्याकडं बघून हसल्यासारखं हुईल. कमीजास्त लिहिलं असंल ते खरंच लिहिलंय, माफी मागत न्हाय.

तुमची भावजय,
चन्नम्मा

ता. क. उत्कर्षला बोलू नका. वरती लिहिलंय बोला म्हणून, ते रागात लिहिलं. पोरगं चांगलं हाय. गाडीतनं उतरून आधी शिवप्रियाच्या पाया पडलं, तिचं पोट मोठं आणि वय लहान असताना. तुमी त्याला मामीचं नाव घरात काढू नको म्हणलंय म्हणून तो हे पत्र बिनबोलता हातात देईल.

आणखी ता. क. मी काय मागत न्हाय. नुसतं सांगते, म्हणजे तुमचा गैरसमज नको. पुण्याच्या लोकांच्या नाकावर टिच्चून ते भोक भरायचं झालं, तर परडीएवढं कापड लागंल. नवं नको. कपाटातलं नको. आहेरातलं तर अजिबात नको. तुमी घरात नेसता ती, हळदीचे डाग असलेली चालंल, पदराला पीठ पुसलेली तर आणखी बरी. न्हाय दिलं तरी चालंल. बाळ त्या भोकातनं खाली गेलं तर मी उचलून घेईन, माझं मी बघून घेईन.

तिसरा ता. क. हे लिहीपर्यंत शिवप्रियाच्या कळा सुरू झाल्या. तुमचे बंधुराज बाजंवरनं उठलेत, म्हणजे खरोखरच घाई हाय. आमी जीपनं सोलापूरच्या दवाखान्याला निघालो. हे पत्र देऊन उत्कर्षला गाडीनं तुमच्याकडं पिटाळलाय, त्याच गाडीत बसा आणि सरळ सोलापूरला या. वाकळ, सुई, दोरा आणि कात्री मी सोबत घेतलीय. बदलून, आवरून, पावडर लावून बसू नका. अंगावर हाय त्या साडीत या. दवाखान्यात तुमाला नेसायला माझी एक धुतलेली घेतलीय, तुमची आल्या आल्या फाडायची हाय.